डाव्या हाताचं काज

६ जानेवारी

चि. डावरीस ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पार्सल काल हाती पडलं. काय काय आलं ते लिहिते, वाटेत काही गेलं असेल तर तुला कळेल. पांढऱ्या मांजरपाटाचे बिनबाह्यांचे कपडे चार, बटणांचा डबा एक (तीन बटणं फुटकी), उरल्या दोऱ्याची रिळं, आणि माझ्या खारीसाठी रेशमी फीत. तुला काय खर्च आला ते लिहिलं नाहीस, पण तिकिटं मोजली तर साडेपाच रुपये होतात. वर वजन जास्त भरलं म्हणून इथे पोस्टमननं दीड घेतला. पुढच्या वेळी डबा नको, पुरचुंडी पुरे. सुतळी आणि कागद नीट घडी करून ठेवलाय.

आता हे कपडे कसले ते सांग. अस्तर नाही, बटण नाही, जागोजाग पेन्सिलीच्या रेघा. एकात टाचणी राहिली होती, ती माझ्या बोटात गेली. हे म्हणाले, "तुझ्या बहिणीला चिलखतं शिवायला ठेवलंय का?" मी उसवून, धुऊन उशांच्या खोळी केल्या. पुढचा भाग एका अंगाला, पाठीचा दुसऱ्या अंगाला. जणू उशीसाठीच बेतलेत, कात्री लावावी लागली नाही. सवयीप्रमाणे आतून पेन्सिलीनं तारीख घातली आहे, म्हणजे किती टिकल्या ते कळेल.

फितीला केलेलं काज बघून खारीला म्हटलं, हा तुझ्या मावशीचा डावा हात. टाके उलटे वळतात, शेवटी गाठ नाही, दोरा आत लपवलेला. शिवणाच्या बाईंनी त्यासाठी पट्टी मारली, तरी सुधारली नाही. पत्रातही शाई फासलेली असतेच. ओळीवरून हात घासत नेतेस, मला अर्धं पत्र अंदाजानं वाचावं लागतं.

खोलीला आतून कडी आहे ना? निजताना देवाचं नाव घेतेस ना? दोन्हींची उत्तरं दे, एकाचं देऊन दुसरं गाळू नकोस.

तुझी ताई

२१ जानेवारी

ती. ताईस वाकून नमस्कार. (इथे हल्ली वाकलं की टाचण्या टोचतात, तरीही.)

कडी आहे. नावही घेते, पण कधी कधी अर्ध्यात झोप लागते.

चिलखतं नव्हेत गं. त्याला इथे कारखान्यात 'कच्चा' म्हणतात. भारी कापड कापण्याआधी तोच कपडा मांजरपाटात माणसाच्या अंगावर बेतून बघायचा. आणि ते माणूस म्हणजे मी! आले होते काजं-बटणं करायला. पण कटिंग मास्तरांनी माझे खांदे बघितले आणि मालकीणबाईंना, म्हणजे मॅडमना, हाक मारली. मॅडम माझ्याभोवती एकदा फिरल्या आणि म्हणाल्या, "हिला सुई देऊ नका." तेव्हापासून मी आरशांच्या खोलीत स्टुलावर उभी असते. आई म्हणायची ना, ही मेली नुसती उभी राहते? आता त्याचा पगार मिळतो.

मॅडम कधी ओरडत नाहीत. इतकं हळू बोलतात की सगळ्यांना मान पुढे काढून ऐकावं लागतं. दर सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर माझं माप घेतात. मास्तर आकडा वाचतात, मॅडम मान हलवतात. मान हलली नाही तर त्या दिवशी माझ्याशी कोणी बोलत नाही. तसं कोणी सांगितलेलं नाही. पण नाही बोलत.

कोपऱ्यात चादरीखाली तीन पुतळे आहेत, कापूस भरलेले. माझ्या आधीच्या तीन मुलींच्या मापाचे. त्या कुठे आहेत विचारलं तर मास्तर म्हणाले, "मापात राहिल्या नाहीत." आणि टेप गळ्यात टाकून निघून गेले.

पण ताई, हंगामाचं कपड्यांचं प्रदर्शन झालं की मला कटिंगच्या टेबलावर घेणार आहेत. मॅडमनी स्वतः सांगितलंय. एकदा कात्री हातात आली की मी कोणाची मिंधी नाही. तेवढ्यासाठी उभी राहते.

आणि तुला आवडेल अशी एक गोष्ट. मी उपास धरलाय. शनिवार आणि रविवार. बघ, तुझी नास्तिक बहीण!

तुझी डावरी

४ फेब्रुवारी

चि. डावरीस आशीर्वाद. आज जरा जास्तच देते.

तुझं पत्र देवापुढे ठेवलं आणि मग यांना वाचून दाखवलं. जी मुलगी प्रसादाचा दाणा आधी तोंडात टाकून मग हात जोडायची, तिनं दोन दोन दिवस उपास धरावा! हे म्हणाले, "तिथलं जेवण वाईट असेल." मी म्हटलं, तुम्हाला पोटापलीकडे काही दिसतच नाही.

आता धरलाच आहेस तर कडक कर. फळ नि दूध म्हणजे उपास नव्हे, सोय झाली. पाण्यावर राहावं. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, दुसऱ्या दिवशी मन कसं हलकं होतं. कोणी आग्रह केला तर हसून नाही म्हणावं, कारण सांगत बसू नये.

तीन कच्चे मिळाले. टपाल चार, वजन बरोबर भरलं. एक विचारू का? तुमच्याकडे कापडाची टंचाई आहे का? या वेळी खोळींना दोन दोन बोटं कमी पडलं. जुन्या चादरीची पट्टी जोडून भागवलं. काटकसर मलाही कळते, पण तुमच्या मॅडम माझ्याही वरताण दिसतात.

सोबत स्वेटर पाठवते. मागच्या वर्षीच्या मापानं विणलाय, होईल. आणि मॅडमना दोन ओळींची चिठ्ठी आहे, ती दे. माझ्या बहिणीला त्यांनी शिस्त लावली, आभार मानायला नकोत?

तुझी ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

स्वेटर पोचला. तू चुकून स्वतःच्या मापाचा विणलास वाटतं, मी त्यात दोनदा मावते. पण ऊब आहे. मला हल्ली फार थंडी वाजते, आरशांच्या खोलीतही.

तुझी चिठ्ठी मॅडमनी सगळ्या कारखान्याला वाचून दाखवली. त्यांच्या त्या हळू आवाजात. "'तिला सवलत देऊ नका, तिचा निश्चय मोडू देऊ नका.' ऐकलंत? घरचे लोक असे असावेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून स्वयंपाकघरातली बाई मला दुपारी काही देत नाही. चहासुद्धा नाही. म्हणते, "तुमच्या ताईंचा हुकूम आहे." तुझा राग नाही गं. तुला काय ठाऊक.

माझ्या नावाचा पुतळा आलाय! चौथा. याला मानेवर लाकडी गोळाही आहे, टोप्या बेतायला. खांदे हुबेहूब माझे, मास्तरांनी प्लॅस्टरचा ठसा घेऊन केलेत. मी म्हटलं, "कमरेत बारीक झालाय, चुकलात मास्तर." ते म्हणाले, "पोरी, पुतळा चुकत नसतो. प्रदर्शनापर्यंत तू त्याच्याइतकी व्हायचीस." मॅडमनी त्याला माझ्याशेजारीच उभं केलंय. समोर आरसा असल्यामुळे आम्ही दोघी दिवसभर एकमेकींकडे बघत असतो. ती माझ्यापेक्षा जास्त वेळ स्थिर उभी राहते.

जिना चढताना भिंतीला हात लावावा लागतो, एवढंच. बाकी बरी आहे. दर महिन्याचंही दोन महिने आलेलं नाही. तेवढीच कापडं वाचली. तू म्हणशील, काटकसर!

तुझी डावरी

५ मार्च

डावरे,

हे पत्र वाचून लगेच जाळ.

शेवटची ओळ मी चार वेळा वाचली. असली गोष्ट हसण्यावारी नेतेस? आई असती तर उभी कापली असती. मी लग्न झालेली बाई आहे, दोन महिने म्हणजे काय ते मला कळतं. कोण आहे तो? तो मास्तर? टेप गळ्यात टाकून फिरतो, तुझ्या अंगाचा ठसा घेतला म्हणालीस. त्याचं वय काय, त्याला बायको आहे का?

यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, पण खरं लिही. नाकारत बसू नकोस. चूक झाली तर झाली, वाट काढू. मी कुठे तरी तोंड लपवून राहण्याची सोय बघते. शेजारणीला सांगितलंय की तुला कावीळ झाली असावी.

रडून रडून डोळे सुजलेत. खार विचारते, तर कांदा म्हणून सांगते. घरात आज कांदा नाही, ते पोरीला कळतं.

ताई

१४ मार्च

ताई,

माझ्या पोटात कोणी नाही. माझ्या पोटात काहीच नाही.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग खूप राग आला, मग दोन्ही करायची ताकद राहिली नाही. मास्तर साठीचे आहेत. बिचारे टाचणी लावताना "लागली का, बाळा?" विचारतात. हे पत्र तेच बाहेर नेऊन टाकतायत. आता आमची पत्रं ऑफिसातून जातात, ऑफिसातूनच येतात. तुझं मला उघडलेलंच मिळालं. तेव्हा यापुढे कारखान्याच्या पत्त्यावर, म्हणजे इथे, तसलं काही लिहू नकोस. लिहिलंस तर खारीचा अभ्यास, भाऊजींचा खोकला, एवढंच लिही. फारच काही असलं तर मास्तरांच्या घरी. पत्ता मागच्या बाजूला आहे.

उपास देवासाठी नव्हता. सोमवारच्या मापासाठी होता. तुला आवडेल म्हणून तसं लिहिलं. आता तो शनिवार-रविवार राहिलेला नाही.

मागच्या आठवड्यात स्टुलावरून पडले. मॅडमना बरं वाटलं नाही, कारण अंगावरचं कापड फाटलं. आता भिंतीला एक हूक ठोकलाय. माझ्या कमरेला मागून पट्टा बांधून त्यात अडकवतात, म्हणजे टाचण्या लावताना मी डोलत नाही. सोयीचं आहे तसं. पाय थकले तरी उभी दिसते.

तू म्हणशील, निघून ये. करार प्रदर्शनापर्यंतचा आहे. आणि आता गेले तर कात्री मिळणार नाही, ताई. एवढं उभं राहून ती न घेता कशी येऊ? तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे.

मॅडम काल पुतळ्याला टेप लावून मग मला लावत होत्या. म्हणाल्या, "आता दोघींत फरक राहिला नाही." मान हलली. सगळे माझ्याशी बोलले.

एक कच्चा पाठवते. खोळ होणार नाही. खारीच्या बाहुलीला काही तरी कर.

डावरी

२३ मार्च (मास्तरांच्या घरच्या पत्त्यावर)

माझ्या बाळे,

एक कच्चा आला. टपाल दीड.

खारीनं तो उचलून अंगात घातला आणि आरशापुढे गेली. मी म्हटलं, अगं, मोठ्या बाईचा कपडा आहे तो. तर म्हणाली, "आई, मला होतो." मागून टाचणी लावली, बसला. कमरेत बसला, छातीत बसला. फक्त खांदे दोन्हीकडे लोंबत होते. ती अकरा वर्षांची आहे, डावरे. खांदे तुझे आणि कंबर माझ्या पोरीची.

मी तिच्या अंगातून तो ओढूनच काढला, घाबरली पोर. मग घरातल्या सगळ्या उशांच्या खोळी काढल्या. उसवल्या. आतल्या तारखा बघून जमिनीवर एकावर एक पसरल्या. जानेवारीतली खाली, मग पट्टी जोडलेली, मग ही. मी म्हणत होते, कापडाची टंचाई आहे. दर महिन्याला तू मला स्वतःचं अंग पाठवत होतीस आणि मी त्यावर डोकं टेकून झोपत होते.

हे दारात उभे होते. म्हणाले, "काय मांडलंयस?" मी म्हटलं, "बसा आणि बघा." त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून प्रवासाची पिशवी काढली.

आता ऐक. कडक कर म्हणून मी सांगितलं होतं, तो उपास मी मोडते आहे. आज सकाळी देवापुढे उभी राहून मोठ्यानं सांगितलं, हिचा काही नवस नाही, काही बोलणं नाही, जे काही असेल ते माझ्या नावावर घे. तेव्हा तू जेव. मिळेल ते जेव. हे शुक्रवारी तिथे पोचतात. त्यांच्याबरोबर निघ, अंगावरच्या कपड्यानिशी. कात्री मी तुला घेऊन देईन. घरातली काय, दुकानातली सगळ्यात मोठी घेऊन देईन.

ताई

२८ मार्च

ती. सौ. ताईस सादर प्रणाम.

मी येथे सुखरूप व आनंदात आहे. आपले यजमान काल येऊन मला प्रत्यक्ष पाहून गेले, त्यामुळे आता काळजीचे कारण उरलेले नाही. हंगाम चालू असल्याने त्यांच्याशी बोलणे शक्य झाले नाही. प्रदर्शन होईपर्यंत कृपया पत्र लिहू नये व कोणी येऊ नये. स्वेटरची आता गरज नसल्याने परत पाठवीत आहे.

आपली धाकटी बहीण

१ एप्रिल (मास्तरांच्या घरच्या पत्त्यावर)

डावरे,

आज एक पार्सल आलं. त्यात स्वेटर एक, धुऊन इस्त्री केलेला. तुझ्या चपला, एक जोड. तुझा कंगवा. आणि एक पत्र. टपालाला किती पडले ते पाहिलं नाही.

पत्रात शाईचा एकही डाग नाही. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वच्छ. मला एक अक्षरही अंदाजानं वाचावं लागलं नाही. तुझ्या आयुष्यात तू असं पत्र लिहिलेलं नाहीस आणि मला कधी 'आपली' झालेली नाहीस.

तुझे भाऊजी गेल्या शनिवारी परत आले ते अगदी निवांत. म्हणाले, "उगाच जिवाला घोर लावून घेतलास. बरी आहे. स्वतः डोळ्यांनी बघून आलो. काम चालू होतं म्हणून काचेतून दाखवली. खांदे लगेच ओळखले मी."

मी जेवायला वाढत होते. विचारलं, "हाक मारलीत?"

"मारली की. काच जाड आहे, ऐकू जात नाही म्हणाले."

"वळली नाही?"

"पाठमोरी होती. टाचण्या लावत होते, वळून कसं चालेल?"

"केस कसे होते?"

"टोपी होती गं, मोठी. मानेपर्यंत जाळी सोडलेली."

"हात?"

"बाह्या लांब होत्या."

"पाय तरी दिसले?"

"झगा खाली टेकला होता. असं काय पोलिसासारखं विचारतेस? चांगली ताठ उभी होती. मी होतो तेवढा वेळ जरासुद्धा हलली नाही."

मी म्हटलं, "अहो, श्वास घेतला तरी माणसाची पाठ हलते."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "मी खांदेच बघितले." पुन्हा तेच म्हणाले. त्यानंतर ते धड जेवलेले नाहीत. आज मला पार्सलमधल्या चपला दिसल्या आणि मी त्या लपवल्या, त्यांना दाखवल्या नाहीत. चपला परत पाठवलेल्या माणसानं पायात काय घातलंय, हा विचार मी पुढे जाऊ देत नाही. जिथे येतो तिथे थांबवते आणि जप करते.

मी येत्या शनिवारच्या गाडीनं निघते आहे. हेही येतायत. खार शेजारणीकडे राहील. त्या बाईला मी खरं काय ते सांगितलं, कावीळ नव्हे म्हणून. ती म्हणाली, "आधी का नाही बोललात?" तिचा भाऊ पोलिसात आहे, त्याला शनिवारीच रजा मिळते, तो आमच्याबरोबर येईल म्हणते. मॅडम हळू बोलतात ना? मी मोठ्यानं बोलणार आहे. कारखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पण शनिवारला तीन दिवस आहेत आणि मला तीन दिवस काढायचेत. म्हणून हे करते. पाकिटात जानेवारीतल्या खोळीचा एक तुकडा घातलाय, तुझ्या पहिल्या कच्च्याचा. सोबत सुई आणि दोरा. पत्र कोणीही लिहील, सहीही कोणी करील. पण उलट्या वळणाचं, गाठ न मारलेलं काज त्या कारखान्यात दुसरं कोणी करणार नाही. एकच कर. वेडंवाकडं झालं तरी चालेल, हात थरथरत असेल तर अर्धंच कर. मी ओळखीन.

मास्तर, हे पत्र तुम्ही आधी वाचत असाल तर वाचा. तुम्ही माझ्या बहिणीला बाळ म्हणता. तिच्यापर्यंत जाता येत असेल तर हा तुकडा तिच्या हातात द्या, डाव्या हातात. जाता येत नसेल तर तुकडा तसाच कोरा परत पाठवा. मग आम्ही शनिवारची वाट बघणार नाही.

परतीचं पाकीट पत्ता घालून आत ठेवलंय. तिकिटं हवी त्याहून दुप्पट लावली आहेत, वजनावरून कुठे अडायला नको.

उलट टपाली धाड गं. पत्र नको, निरोप नको. एक काज तेवढं धाड.

तुझी ताई